केंद्र बघायला जायचं ते संध्याकाळी
स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगासाठी निवासी केंद्र निवडताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. चार वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आता त्या रात्री दोन-तीनदा उठतात, कडी काढून बाहेर पडतात. ब्युरोतून आणलेल्या बायका महिनाभरही टिकत नाहीत. पुण्याच्या आसपासच्या तीन केंद्रांना फोन केले, तर तिन्हीकडून ‘सगळी सोय आहे, या बघायला’ एवढंच उत्तर मिळालं. गेल्यावर नेमकं काय बघायचं?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : जाण्याआधी त्याच तीन ठिकाणी पुन्हा फोन करा आणि तीन गोष्टी विचारा. आत्ता तुमच्याकडे डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, रुग्ण किती आहेत? रात्री किती माणसं जागी असतात? झोपायला नव्हे, जागी. आणि कोणत्या अवस्थेतला रुग्ण तुम्ही ठेवत नाही? हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. बरेच वृद्धाश्रम चालती-फिरती, स्वतःचं स्वतः करणारी माणसंच घेतात. आजार वाढला, लघवीवरचा ताबा गेला किंवा गिळता येईना, की ‘घेऊन जा’ असा फोन येतो. हा आजार पुढे सरकणारच आहे. त्यामुळे ‘चालणं बंद झालं तर? नाकातून नळी घालावी लागली तर?’ हे आजच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

केंद्राला भेट दोनदा द्या. पहिली वेळ ठरवून, सकाळी अकराच्या सुमाराला. दुसरी न कळवता, संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या असतात, व्यवस्थापक जागेवर असतात, कुठलंही केंद्र बरंच दिसतं. उजेड कमी होऊ लागला की या आजारात पुष्कळांची बेचैनी वाढते. घरी जायचंय म्हणून दाराशी जाणं, रडणं, येरझाऱ्या घालणं सुरू होतं. नेमक्या त्याच सुमाराला दिवसपाळी निघण्याच्या तयारीत असते. त्या तासाभरात मावश्या आणि वॉर्डबॉय काय करतात ते एका बाजूला बसून बघा. ‘घरी जायचंय’ म्हणणाऱ्या आजींना कुणी ‘चला, आधी चहा घेऊ’ म्हणत हात धरून फेरी मारतं, की ‘बसा गप’ म्हणून पुन्हा खुर्चीत दाबतं? सजावट, बाग, देवघर हे सगळं यापुढे दुय्यम आहे. खुर्चीला ओढणीने किंवा चादरीने बांधलेलं कुणी दिसलं तर ते केंद्र यादीतून काढा.

माणसांचा हिशेब विचाराल तेव्हा स्वयंपाकी, सफाई कामगार आणि रखवालदार त्यातून वजा करा. आमच्या मते दिवसा चार-पाच डिमेन्शिया रुग्णांमागे एक आणि रात्री आठ-दहांमागे एक जागा माणूस हवा. याहून कमी असतील तर रात्री दोनला उठलेल्या सासूबाईंकडे बघायला कुणीच नसेल. आणि सध्याच्या मावश्या किती महिन्यांपासून आहेत, हे त्यांनाच विचारा. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर कुणाला कसं समजवायचं हे कुणालाच माहीत नसतं.

आता न्हाणीघर. दारातून डोकावू नका, आत जाऊन उभे राहा. फरशी कोरडी आहे का? कमोडच्या दोन्ही बाजूंना धरायला दांडे आहेत का, आणि हाताने हलवल्यावर ते हलतात का? कडी बाहेरून उघडता येते का? पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड असेल तर या रुग्णांना ते नीट दिसत नाही, ते अंदाजाने बसायला जातात आणि पडतात. बैठकीचा रंग वेगळा असला तरी बराच फरक पडतो. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत रात्री दिवा असतो का ते विचारा. वासाचंही सांगतो. एखाद्या कोपऱ्यात आत्ताच कुणाला लघवी झाल्याचा वास येणं साहजिक आहे. पण वास गाद्यांत आणि व्हरांड्यात मुरलेला असेल, तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत.

सासूबाई बाहेर पडतात म्हणून कुलपाबद्दल जास्त विचारा. कुलूप हवंच, पण रात्री किल्ली कुणाच्या खिशात असते? आग लागली तर दार किती वेळात उघडेल? ‘आत्ता उघडून दाखवा’ म्हणा आणि घड्याळ बघा. कुणी निघून गेलंच तर पहिल्या दहा मिनिटांत काय करतात, याचं ठरलेलं उत्तर त्यांच्याकडे हवं. प्रत्येकाचा अलीकडचा फोटो फाइलला असावा आणि मनगटावर केंद्राच्या फोन नंबरची पट्टी असावी. नुसतं कोंडून बेचैनी वाढते. म्हणून आतल्या आत गोल फिरून परत येता येईल अशी मोकळी जागा आहे का तेही बघा.

शक्य असेल तर एक जेवण तिथे बघा. भरवणारी व्यक्ती समोर, डोळ्यांच्या उंचीवर बसलेली हवी. उभं राहून वरून भरवलं की रुग्ण मान वर करतो आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. पुढच्या टप्प्यातल्या रुग्णांना न्यूमोनिया होण्याचं हे एक मोठं कारण आहे. हनुवटी थोडी खाली, घास छोटा, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही, आणि जेवल्यावर निदान अर्धा तास ताठ बसवून ठेवणं, एवढं तरी पाळलं जातंय का? ज्यांना अजून चावता येतं त्यांनाही सरसकट सगळं कालवून खिमट देत असतील, तर ती भरवणाऱ्याची सोय आहे. ताटात काय आहे हे न कळणारा माणूससुद्धा इडलीचा तुकडा किंवा केळ्याची फोड हातात दिली तर स्वतः खातो.

शेवटी नोंदवह्या मागा. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते आणि त्याचा तक्ता पलंगाशी असतो. तुम्ही संध्याकाळी पाचला गेलात आणि रात्री आठचा रकाना आधीच भरलेला दिसला, तर त्या तक्त्यावर आणि बाकीच्या नोंदींवरही भरवसा ठेवू नका.

प्रश्न : आत्याला पुढच्या आठवड्यात केंद्रात ठेवायचं ठरलंय. ‘पहिले पंधरा दिवस कुणी भेटायला येऊ नका, तिला सवय होऊ दे’ असं तिथले लोक म्हणतात. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. काही रुग्ण घरची माणसं परत जाताना फार अस्वस्थ होतात. त्यांच्यासाठी भेट छोटी ठेवणं, जेवणाच्या वेळेला जाऊन त्या गडबडीत निरोप घेणं, असे उपाय असतात. पण सरसकट बंदी घालणाऱ्या केंद्रात तुम्हाला आत्या कशी आहे हे कळणारच नाही. पहिल्या दोन आठवड्यांत पडणं, न जेवणं, बद्धकोष्ठता यांचं प्रमाण जास्त असतं, तेव्हाच जायला हवं. तिची वापरातली गोधडी आणि ओळखीचे दोन-तीन फोटो सोबत द्या. अर्ध्या पानावर तिच्याबद्दल लिहूनही द्या. तिला काय नावाने हाक मारलेली आवडते, चहा किती वाजता लागतो, आंघोळ सकाळी की संध्याकाळी, कुठल्या कुशीवर झोपते, चिडली की कशाने शांत होते. मावश्यांना हा कागद डॉक्टरांच्या फाइलपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

प्रश्न : वडील केंद्रात आरडाओरडा करायचे. आता कळवतात की गोळी सुरू केली आहे, शांत आहेत. पण आम्ही जावं तेव्हा ते पेंगलेलेच असतात. हात कडक वाटतात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आजच फोन करून औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि ते कोणत्या डॉक्टरांनी लिहून दिलं हे विचारा. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल यांपैकी काही असेल तर ते मनोविकारावरचं औषध आहे, साधी झोपेची गोळी नव्हे. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००५ साली दिला आणि २००८ साली त्या गटातल्या जुन्या औषधांनाही लागू केला. औषध कधीच द्यायचं नाही असं नाही. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर द्यावं लागतं. पण कमीत कमी मात्रेत, घरच्यांना सांगून, आणि निदान दर सहा आठवड्यांनी फेरविचार करून.

हात कडक होणं गंभीरपणे घ्या. वडिलांना आधीपासूनच, समोर नसलेली माणसं किंवा प्राणी दिसत असतील, चाल संथ आणि अडखळती असेल, तर तो लुई बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असू शकतो आणि त्यात ही औषधं, विशेषतः हॅलोपेरिडॉल, धोकादायक ठरतात. आपल्या मनाने औषध एकदम बंद करू नका. एक-दोन दिवसांत न्यूरॉलॉजिस्ट किंवा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. ताप, घाम, अंग ताठ होणं किंवा शुद्ध हरपणं दिसलं तर थेट रुग्णालयात न्या.

आरडाओरडा कशाने सुरू झाला, हेही केंद्राला विचारा. दिवस-दोन दिवसांत वागणं एकदम बदललं असेल तर आधी लघवीची तपासणी हवी. मूत्रमार्गाचा संसर्ग, चार दिवस पोट साफ न होणं, दातदुखी, कानातला मळ, हरवलेला चष्मा, यांतलं काहीही असू शकतं. रुग्णाला ते सांगता येत नाही, म्हणून तो ओरडतो.

बांधून ठेवण्याबद्दलही त्यांना विचारून ठेवा. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक आरोग्य आस्थापनांत रुग्णाला बांधून ठेवता येतं ते फक्त तातडीची इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हा, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि नोंद करून. माणसं कमी आहेत हे कारण कायद्याला मान्य नाही.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असते, आई ठाण्याजवळच्या केंद्रात. वर्षातून एकदाच येणं होतं. लांबून लक्ष कसं ठेवू?
— एक वाचक

उत्तर : तुमच्या सकाळी आठ वाजता इथे संध्याकाळचे साडेपाच असतात, हिवाळ्यात साडेसहा. व्हिडिओ कॉल त्याच वेळी करा आणि वार बदलत राहा. इथल्या एखाद्या नातलगाला महिन्यातून दोनदा, न कळवता जायला सांगा आणि माहिती देण्यासाठी त्यांचं नाव केंद्राला लेखी कळवा.

महिन्याच्या पाच तारखेपर्यंत एक पान मागवा. त्यात वजन, पडल्याच्या घटना, औषधांची यादी आणि त्वचेची स्थिती हवी. वजनावर विशेष नजर ठेवा. ६० किलोची व्यक्ती महिन्यात ३ किलो किंवा सहा महिन्यांत ६ किलो उतरली तर डॉक्टरांकडून कारण शोधायला हवं. आई फार हिंडत-फिरत नसेल तर नातलगांनी प्रत्येक भेटीत टाचा बघाव्यात, आणि माकडहाडाजवळची त्वचा नर्सच्या मदतीने, पडदा ओढून. बोटाने दाबल्यावरही न फिटणारी लाली म्हणजे शय्याव्रणाची, पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट डाग दिसतो किंवा ती जागा गरम, कडक लागते. या टप्प्यावर कूस बदलणं आणि हवेची गादी यांनी ते आटोक्यात येतं. जखम उघडी पडली की महिनोन्‌महिने जातात.

प्रश्न : महिन्याचा आकडा सांगतात, पण बिल दरवेळी जास्तच येतं. करारात काय बघावं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : महिन्याच्या आकड्यात काय नाही, ते लिहून घ्या. बहुधा डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची जादा भेट, रुग्णवाहिका आणि रुग्णालयात सोबत बसणारा माणूस हे वेगळं धरतात. दिवसाला चार डायपर धरले तरी महिन्याला १२० होतात. ते बाहेरून आणून दिले तर चालतात का विचारा. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळतं, दरवाढ वर्षातून किती, रुग्ण रुग्णालयात असताना पूर्ण पैसे लावतात का, आणि ‘घेऊन जा’ म्हणायचं झाल्यास किती दिवसांची मुदत देतात, ही कलमं करारात नसतील तर सही करू नका. मेडिक्लेम किंवा ७० वर्षांवरील सर्वांना लागू झालेलं आयुष्मान कार्ड रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे, केंद्राच्या मासिक खर्चासाठी नाही.

केंद्राबद्दल तक्रार असेल आणि ते दाद देत नसतील, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची १४५६७ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. फोन करताना तारखा, फोटो आणि बिलांच्या प्रती हाताशी ठेवा.