शिकंजी या शब्दाचा शिरक्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि अगदी थेट आहे. आज दिल्लीकडे शिकंजी म्हणून जे मिळतं ते लिंबू, काळं मीठ, जिरेपूड घातलेलं सरबत. त्यात शिरक्याचा थेंबही नसतो. नावात मात्र तो अजून बसलेला आहे.

फारसीत 'सिर्का' म्हणजे आपला शिरका, म्हणजेच व्हिनेगर, आणि 'अंगबीन' म्हणजे मध. दोन्ही मिळून झालं 'सिरकंगबीन'. अरबीत 'ग' हा उच्चार नाही, त्यामुळे तिथे त्याचं 'सिकंजबीन' झालं. हेच रूप पुढे झिजून शिकंजी.

मुळात हे हौसेचं पेय नव्हतं, औषध होतं. शिरका आणि मध (किंवा साखर) एकत्र आटवून पाक करायचा आणि लागेल तसा पाण्यातून द्यायचा. मध्ययुगीन फारसी वैद्य इब्न सिनाच्या 'कानून' या वैद्यकग्रंथात तो येतो. त्याच्याही आधी ग्रीक वैद्य असंच मिश्रण देत. त्यांच्या 'ऑक्सिमेल' या शब्दाचा अर्थही आंबट आणि मध असाच. युनानी दवाखान्यात आजही 'सिकंजबीन बजूरी' मिळतं, 'बजूरी' म्हणजे बिया घातलेलं.

इराणात शिरका अजून टिकून आहे. तिथे शिरका, साखर आणि पुदिन्याचा पाक करतात, आणि नवरोजनंतर, म्हणजे इराणी नववर्षानंतर, तेराव्या दिवशी सहलीला गेल्यावर त्यात लेट्यूसची पानं बुडवून खातात. ऐकायला विचित्र, पण आपण कैरीच्या फोडी गुळाच्या पाकात घालतोच की! आंबटगोडच ते.