रॉबिन हूडला दरोडेखोर म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रिडली स्कॉटच्या २०१० मधल्या ‘रॉबिन हूड’ चित्रपटाच्या संवादांचा मराठी अनुवाद करताना ‘आउटलॉ’ला ‘दरोडेखोर’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही, आणि या चित्रपटात तर मुळीच नाही. इथला रॉबिन सुरुवातीला रिचर्ड राजाच्या फौजेतला साधा तिरंदाज आहे. ११९९ साली फ्रान्समध्ये शालू नावाच्या किल्ल्याच्या वेढ्यात रिचर्ड बाण लागून मरतो (इतिहासातही तसंच झालं), आणि तिथून रॉबिनची गोष्ट सुरू होते. जवळजवळ अख्खा चित्रपट तो आउटलॉ नसतोच. शेवटी जॉन राजा दिलेला शब्द फिरवतो, हक्कांची सनद जाळतो आणि रॉबिनला आउटलॉ ठरवतो. म्हणजे रॉबिनने काय केलं, हे सांगणारा हा शब्द नव्हे. राजाने त्याचं काय केलं, हे तो सांगतो.

‘दरोडेखोर’ नेमका याच्या उलट बाजूने येतो. दरोडा हे कृत्य आहे. आपल्या फौजदारी कायद्यात तर पाच किंवा जास्त माणसं मिळून जबरी चोरी करतील तेव्हाच त्याला दरोडा म्हणतात. जुन्या इंग्लंडमध्ये आउटलॉ व्हायला चोरीही करावी लागत नसे. न्यायसभेत वारंवार पुकारा होऊनही माणूस हजर झाला नाही, तर त्याला आउटलॉ जाहीर करत. मग त्याची मालमत्ता जप्त होई. एके काळी तर त्याला ‘लांडग्याचं डोकं’ म्हणत, कारण लांडग्यासारखं त्याला कुणीही मारावं, मारणाऱ्याला दोष नाही! १२१५ च्या मॅग्ना कार्टात ही शिक्षा मुद्दाम नोंदवली आहे: स्वतंत्र माणसाला न्यायनिवाडा झाल्याशिवाय कैद करायचं नाही, आणि आउटलॉही करायचं नाही. ती सनद त्याच जॉनकडून घेतलेली. म्हणूनच चित्रपटाचा शेवट मला इतका भिडतो.

मग मराठीत काय? ‘बंडखोर’ आणि चंबळचा ‘बागी’ हे स्वतःहून उठलेल्या माणसाचे शब्द आहेत. ‘फरारी’ बराच जवळ येतो. १२२६ च्या यॉर्कशरच्या हिशेबात कुणा रॉबर्ट हॉडची नोंद ‘फरारी’ अशीच आहे, आणि तोच मूळ रॉबिन असावा असं काही अभ्यासक मानतात. पण फरारी माणसाला पकडून कोर्टात उभं करतात, त्याचं कायद्याचं संरक्षण सुटलेलं नसतं. ‘तडीपार’ सुचतो खरा, कारण तिथेही सरकारच माणसाला बाहेर घालवतं. फक्त ते बाहेर घालवणं हद्दीपुरतं असतं. तडीपार माणूस त्या हद्दीबाहेर राहू शकतो, आणि त्याच्यावर कुणी हात उगारला तर तो पोलिसांत जाऊ शकतो.

मला उत्तर आपल्या ‘जातीबाहेर टाकणे’, ‘वाळीत टाकणे’ या प्रयोगांत सापडतं. माणूस तिथेच, गावही तेच, पण पाणी, विस्तव, व्यवहार सगळं बंद. आउटलॉमध्ये हेच राजा करतो, आणि जात किंवा गावकीच्या जागी कायदा असतो. म्हणून ‘कायद्याबाहेर टाकणे’. ‘कायदेबाह्य’ नको, तो कृत्यांना लागतो, माणसाला नाही.

शेवटच्या फर्मानात मी असं लिहीन: ‘आजपासून रॉबिनला कायद्याबाहेर टाकलं आहे. त्याला आसरा देऊ नये.’ आणि शेरवुडच्या जंगलातल्या त्याच्या सोबत्यांसाठी: ‘कायद्याबाहेरची माणसं’.