रूळ सात इंच कमी पडतो, त्याचं काय करायचं?

मागच्या अंकात ब्रिटिश मॉडेल रेल्वेवर लिहिताना मी सहज म्हणून गेलो की डबल-ओ गेज (इथे घराघरात असतो तो मॉडेलचा प्रकार; गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) म्हणजे मुळातच चुकलेलं गणित आहे. एवढं एक वाक्य, पण पत्रं इतकी आली की बायको म्हणाली आता तुमच्या गाड्यांसाठी नाही, पत्रांसाठी खोली लागेल. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा आलेत ते घेतोय.

प्रश्न: काका, आम्ही लेस्टरला असतो. मुलासाठी म्हणून डबल-ओचा सेट घेतला आणि आता मुलगा राहिला बाजूला, मीच बसतो खेळत. परवा एका प्रदर्शनात एका गृहस्थांना मोबाइलवर लेआउटचे फोटो दाखवले तर म्हणाले, "छान आहे, पण तुमचा गेज खोटा आहे." म्हणजे नेमकं काय? आणि आता सगळं काढून टाकायला लागणार का?

उत्तर: गृहस्थ बरोबर आहेत, फक्त बोलायची रीत चुकली. हिशोब बघा. डबल-ओमध्ये खऱ्या १ फुटाला ४ मिमी धरतात, म्हणजे साधारण १:७६. खऱ्या रुळांमधलं अंतर ४ फूट साडेआठ इंच, ते ४ मिमीच्या मापात आणलं की १८.८३ मिमी येतं. आणि तुमच्या रुळात आहे १६.५. हेच उलटं केलं तर ४ फूट दीड इंच, म्हणजे तुमची गाडी खऱ्यापेक्षा सात इंच अरुंद रुळावर पळतेय. समोरून, रुळाच्या पातळीवर डोळा आणून बघा, एखादा पैलवान पाय जुळवून उभा राहिलाय असं दिसतं. एकदा दिसलं की मग ते दिसतच राहतं, म्हणून आधीच सॉरी.

आता हे झालं कसं, तर १६.५ हा मुळात एच-ओचा रूळ. एच-ओ म्हणजे हाफ झीरो, ओ गेज या मोठ्या मॉडेलच्या ७ मिमीचा निम्मा, फुटाला साडेतीन मिमी. युरोपात आणि अमेरिकेत तो नीट बसला. ब्रिटनमध्ये पंचाईत झाली कारण इथली रेल्वे सगळ्यांच्या आधीची, बोगदे पूल फलाट सगळं तंग मापाचं, त्यामुळे इथली खरी इंजिनंच अंगाने बारीक. ती साडेतीनच्या मापात केली की त्या काळातली मोटर आत मावेना, शिवाय मॉडेलची चाकं जाड असल्यामुळे बाहेरच्या रॉडना आणि सिलिंडरला जागाच उरेना. मग रूळ तोच ठेवला आणि वरचं अंग तेवढं फुगवून ४ मिमीचं केलं! १९३८ साली लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने हॉर्नबी डब्लो काढली, ती चालली, आणि घराघरात एकदा तेच रूळ पडल्यावर मग कोण बदलायला बसतंय.

ज्यांना हे सहनच होईना त्यांनी दोन वाटा काढल्या. एक ईएम गेज, आधी १८ मिमी होता आता १८.२ करतात, म्हणजे बऱ्यापैकी जवळ आणि तरी चाकं मापापेक्षा थोडी जाड ठेवलेली असल्यामुळे गाडी रुळावर राहते. दुसरी वाट पी-फोर, पूर्ण १८.८३, आणि नुसता गेजच नाही तर चाकाची जाडी, फ्लँजची (चाकाच्या आतल्या कडेची) उंची, सांध्यातली (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथली) फट, सगळंच मापात. पी-फोरचा फ्लँज अर्ध्या मिमीपेक्षाही कमी असतो, त्यामुळे चाकांना स्प्रिंग किंवा झुलती धुरा द्यावीच लागते, नाहीतर रूळ जरा कुठे वरखाली झाला की डबा उतरला.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. दोन वर्षं माळ्यावर पी-फोर केलंय. पहिला सांधा बांधायला तीन संध्याकाळी गेल्या, चौथ्या संध्याकाळी तो परत उकलून बांधला कारण सांध्याची सरकती जीभ डावीकडे नीट बसत होती आणि उजवीकडे नाही. मग हिवाळा आला, माळ्यावरची दमट हवा फळीने ओढून घेतली आणि दोन फळ्यांच्या जोडावर रूळ इतका किंचित उचलला गेला की बोटाला लागत नव्हता, फ्लँजला मात्र बरोबर लागत होता. प्रत्येक तिसरा डबा तिथे खाली. लेआउट शेवटी मोडला. त्यात शिकलो खूप, पण तुमच्या जागी असतो तर आत्ता लगेच तिकडे वळलो नसतो.

तुम्ही काय करा ते सांगतो. कॅलिपर घ्या आणि स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या फळ्या, मोजा. ब्रिटनमधला नेहमीचा लाकडी स्लीपर साडेआठ फूट लांब, म्हणजे ३४ मिमी यायला पाहिजे, आणि दोन स्लीपरमधलं अंतर साधारण अडीच फूट, म्हणजे १० मिमी. तुमच्या सेटातल्या रुळावर स्लीपर आखूड आणि दाटीवाटीने असतील, कारण तो रूळ एच-ओच्या अंदाजाने केलाय. आता बुलहेड नावाचा रूळ तयार मिळतो, गेज तोच १६.५ पण स्लीपर लांब, अंतर मोकळं, आणि रूळ खुर्च्यांमध्ये, म्हणजे स्लीपरवरच्या बैठकींमध्ये, बसवलेला, जसा इथे जुन्या काळी सगळीकडे होता. तो अंथरला, बारीक खडी टाकली, रुळाच्या बाजूला गंजाचा रंग मारला की गेजकडे लक्षच जात नाही. माझ्याकडे आलेल्या एका पक्क्या पी-फोरवाल्याने पाच मिनिटं बघून विचारलं होतं की हा ईएम आहे का. मी चहा आणायला आत गेलो.

आणि एक गोष्ट ज्यावर कोणी भांडत नाही. सेटातल्या 'सेकंड रेडियस' नावाच्या वळणाची त्रिज्या आहे ४३८ मिमी, ७६ ने गुणा, ३३ मीटर झाले. खऱ्या मोठ्या एक्स्प्रेस इंजिनाला शंभर मीटरचं वळणसुद्धा जिवावर येतं, ते सुद्धा यार्डात, मुंगीच्या पावलांनी. म्हणजे गेज चुकलाय आठव्या हिश्शाने, वळण चुकलंय तिपटीने, आणि क्लबात लोक एकमेकांशी बोलायचे थांबतात ते कशावरून तर गेजवरून. तसं इथे हे जुनंच आहे म्हणा, रेल्वे बांधणाऱ्या इंजिनिअर ब्रुनेलचा सात फुटी गेज की स्टीफन्सनचा ४ फूट साडेआठ इंची, यावर भांडून भांडून १८४६ मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला होता, आणि ब्रुनेलचा शेवटचा रूळ निघायला १८९२ उजाडलं. त्यामुळे काढून काही टाकू नका. जमेल तेवढं वळण मोठं करा आणि जे तंग वळण राहील ते बोगद्यात नाहीतर झाडीमागे लपवा.

प्रश्न: माझा ब्रिटिश एन गेजचा लेआउट आहे. जर्मनीहून येताना एक एन गेजचं इंजिन आणलं, रुळावर व्यवस्थित चालतं, पण आमच्या डब्यांशेजारी बारकं दिसतं. खरं जर्मन इंजिन तर मोठं असतं ना?

उत्तर: असतंच. गडबड स्केलची आहे. रूळ दोन्हीकडे ९ मिमी, पण बाकी जगात एन म्हणजे १:१६० आणि ब्रिटनमध्ये १:१४८. कारण वरचंच, बारीक अंगात मोटर कोंबायची होती. एकत्र चालवा, फक्त एकाच फलाटाला शेजारी शेजारी उभे करू नका. मापाचं फारच वेड लागलं तर टू-मिमी फाइनस्केलवाले आहेत, १:१५२ आणि रूळ ९.४२ मिमी. हो, ०.४२. त्यांच्यासमोर पी-फोरवाले सुद्धा जरा नमून बोलतात.

प्रश्न: घरात भांडण लागलंय, मिटवा. आमच्या ह्यांनी फ्लाइंग स्कॉट्समन या प्रसिद्ध वाफेच्या इंजिनाचं मॉडेल आणलं, हिरवं, ४४७२ नंबरचं, आणि पुढे दोन्ही बाजूंना धुराचे पत्रे लावलेले. माझा भाऊ म्हणतो असं इंजिन कधी नव्हतंच, पैसे परत घ्या. बरोबर कोण?

उत्तर: ताई, दोघंही थोडे थोडे. तुमचा भाऊ १९३० च्या दशकाचा विचार करतोय. हे इंजिन डॉनकास्टरला १९२३ मध्ये तयार झालं, एलएनईआर कंपनीचं, सफरचंदी हिरवा रंग, एकच धुराडं, पुढे पत्रे बित्रे काही नाही. त्याच रूपात ते १९२८ ला लंडन ते एडिंबरा कुठेही न थांबता गेलं आणि १९३४ ला ताशी १०० मैल धावलं. पुढे राष्ट्रीयीकरण झालं, नंबर झाला ६०१०३, रंग गडद हिरवा, नंतर जोडधुराडं बसवलं आणि त्याचा धूर हलका असल्यामुळे खालीच घुटमळायला लागला, ड्रायव्हरला पुढचं दिसेना, म्हणून १९६१ च्या शेवटी ते जर्मन पद्धतीचे पत्रे आले. १९६३ मध्ये ते नोकरीतून निघालं. म्हणजे भावाचं म्हणणं असं की पत्रे ६०१०३ चे आणि रंग ४४७२ चा, ही खिचडी आहे.

पण ही खिचडी खरोखर झालेली आहे! इंजिन जतन झाल्यावर, २००० नंतरची काही वर्षं, ते सफरचंदी हिरव्या रंगात, ४४७२ नंबर लावून आणि पत्र्यांसकट चालत होतं. त्या काळातले फोटो शोधून भावाला दाखवा. म्हणजे मॉडेल खोटं नाही, फक्त त्याच्यामागे १९३० चे सागवानी डबे जोडून त्याच काळातलं स्टेशन उभं केलंत तर ते खोटं. कुठलंही इंजिन घेताना नावाआधी साल ठरवायचं, ही सवय लागली की निम्मे वाद होतच नाहीत.

रंगाच्या नेमक्या छटेवर मात्र भांडू नका, त्याला अंत नाही. ब्रायटन लाइन या जुन्या रेल्वेच्या इंजिनांचे प्रमुख स्ट्राउडली साहेबांनी आपल्या इंजिनांना जो रंग दिला त्याचं नाव होतं 'सुधारित इंजिन हिरवा' आणि तो रंग चक्क पिवळट, मोहरीच्या फोडणीत हळद जरा जास्त पडावी तसा. कागदोपत्री हिरवा! आता बोला.

प्रश्न: काका, मी १३ वर्षांचा आहे. बाबा म्हणतात मी गाडी फार जोरात पळवतो. मॉडेलचा स्पीड कसा मोजायचा?

उत्तर: अरे सोपं आहे. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला ८८ फूट. तुझं स्केल फुटाला ४ मिमी, म्हणजे सेकंदाला ३५२ मिमी. रुळाच्या बाजूला बरोबर एक मीटरवर दोन खुणा कर आणि स्टॉपवॉच लाव. मीटर पार करायला तीन सेकंदांच्या जरा आत लागले की ६० मैल. एका सेकंदात गेली तर तुझी मालगाडी ताशी १७० मैलांनी चाललीये आणि बाबा बरोबर आहेत. शंटिंग करताना ताशी ५ मैल, म्हणजे मीटरला ३४ सेकंद. इतकं हळू चालवून बघ, इंजिन अडखळलं तर चाकं आणि रूळ पुसायला झालेत असं समज. बाबांना सांग की गेजपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे असं काकांनी लिहिलंय, कारण मापाचं इंजिन असलं तरी ते माशीसारखं पळालं की लगेच खेळणं दिसतं.

प्रश्न: नवीन सुरुवात करतोय. टीटी-१२० घेऊ का डबल-ओ?

उत्तर: कोरी पाटी असेल आणि जागा कमी असेल तर टीटी-१२० चा विचार जरूर करा. १:१२०, रूळ १२ मिमी, गुणाकार केला की १४४० मिमी येतात आणि खरा गेज १४३५. गेजचा वादच संपला. पण २०२२ पासून हॉर्नबी आणि पेको या कंपन्या त्यात उतरल्यामुळे आत्ता कुठे इथे जीव धरतंय, आवडत्या शाखेचं इंजिन त्यात असेलच असं नाही. डबल-ओमध्ये जे मागाल ते मिळतं, जुन्या मालासकट.

प्रश्न: लंडनमध्ये एका खोलीत राहतो. खिडकीखाली एक फळी बसेल, साधारण चार फूट. एवढ्यात मापाला धरून काही होईल का?

उत्तर: होईल, आणि ज्यांच्याकडे आख्खं गॅरेज आहे त्यांच्यापेक्षा जास्त खरं होईल. ४ मिमीमध्ये एक मैल म्हणजे २१ मीटर, त्यामुळे मेन लाइन तर गॅरेजवाल्यालाही जमत नाही, तो सुद्धा फसवाफसवीच करत असतो. तुमच्या फळीवर वळणच नाही, म्हणजे सगळ्यात मोठी चूक आधीच गेली.

इंगलनूक सायडिंग्ज करा. अॅलन राइट यांचा हा जुना आराखडा आहे. दोन सांधे, तीन सायडिंग, एकीत पाच वॅगन मावतात, बाकी दोघींत तीन तीन, आणि शंटिंगच्या टोकाला इंजिन अधिक तीन वॅगन. जागा मोजून घ्या, एक वॅगन जरी जास्त मावली तरी मजा जाते. एकूण आठ वॅगन, त्यातल्या पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि निघालेल्या क्रमानेच गाडी लावायची, हात न लावता. क्रम निघतात ६७२०, म्हणजे रोज एक खेळलात तरी अठरा वर्षं पुरेल. छोटं टँक इंजिन, कोळशाच्या चारचाकी वॅगन, मागे एका गोदामाची भिंत, बास.

मी मोडलेल्या पी-फोरच्या फळीतलाच एक तुकडा कापून हेच केलंय, साध्या १६.५ वर. वॅगनचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून वाटीत ठेवलेत आणि संध्याकाळी बायको चिठ्ठ्या काढते. काढते म्हणजे मला संशय आहे की बघून काढते, कारण मधलीच वॅगन सगळ्यात आधी पाहिजे असते, रोज.