सौरपंपांमुळे पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकरी बायकांना खरंच फायदा होतो, की देणगीदारांच्या फोटोंपुरतंच सगळं?

होतो, पण पंपाची किल्ली बायकांच्या हातात असेल तरच. उत्तर बेनिनमध्ये पंप बसवायचं काम मी केलंय, म्हणून लिहितो.

तिकडे ऑक्टोबर संपला की जवळपास सहा महिने पाऊस नाही. तेव्हा भाजी करायची तर बायकांनीच पाणी वाहून आणून वाफ्यांना घालायचं. कलाले भागातल्या दोन गावांत २००७ साली सौरपंप आणि ठिबक आलं. अर्ध्या हेक्टरचा एकेक मळा, त्यात बायकांचा गट, प्रत्येकीचा आपला तुकडा. पहिल्या वर्षी एका मळ्यातून महिन्याला सरासरी १.९ टन माल निघाला. साधारण १८ टक्के घरी खाल्ला, बाकीचा बाजारात विकला. बॅटरीची भानगड नाही: ऊन चढेल तसं पाणी टाकीत चढतं, टाकीतून उताराने ठिबकला जातं.

आम्ही पंप बसवला ते गाव वेगळं. तिथे हिवाळ्यात सहाराकडून हरमॅटन वारा सुटतो आणि पॅनलवर धुळीचा थर बसतो. गटाची खजिनदार बाई सकाळी ऊन तापायच्या आत ओल्या फडक्याने पॅनल पुसायची. एकदा ठिबकच्या नळ्या कोरड्या पडल्या. मी पोचलो तोवर तिने फिल्टर उघडून चकत्या गोणपाटावर ओळीने मांडल्या होत्या आणि एकेक चकती घासून वाळू काढत होती. मी फक्त झाकण आवळलं. पुढे गावातल्या पुरुषांनी सभेत किल्ली मागितली. बायका म्हणाल्या, दुरुस्तीची वर्गणी आम्ही भरतो, किल्ली आमच्याकडेच राहील. राहिली.

"बायकांना मशीन झेपत नाही" म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं पटत नाही. त्यात आमचा दादाही आला. मिरची-वांग्याचं सगळं वहिनी बघते, रात्रीअपरात्री पाणी ती धरते, आणि सौरपंपाचा अर्ज मात्र दादाच्या नावाने, कारण सातबारा त्याचा. दादा, तू वाचत असशील तर हे तुलाच लिहिलंय.

हां, बोअरला पाणी हवं, कंट्रोलर जळला तर सुटा भाग जवळपास मिळायला हवा. सगळ्यांचे टोमॅटो एकदम आले की भावही पडतो. संस्थेत काम करत असाल तर मळ्याची जमीन गटाला लेखी मिळाल्याशिवाय पंप उतरवूच नका. आपल्याकडे लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. दादाने तो अजून केलेला नाही.