दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू दुभंगलेत, फिजिओथेरपीने फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय त्यातलं मला कळलं ते असं: बाळ सात महिन्यांचं झालं, पोट अजून पाचव्या महिन्यासारखं दिसतं, अंथरुणातून उठताना मधोमध उंचवटा येतो. सासूबाईंच्या मते पोट नीट बांधलं नाही म्हणून, आणि घरात ऑपरेशनची चर्चा सुरू झालीय.

फरक पडतो. मला पडला, पण ज्यासाठी गेले होते त्यापेक्षा भलत्याच ठिकाणी जास्त.

माझा धाकटा साडेतीन किलोचा. तो पाच महिन्यांचा झाल्यावर मी मोबाइलवर बघून रोज चाळीस क्रंचेस मारायला लागले. महिनाभराने पोट होतं तसंच, वर शिंकलं की कपडे बदलायची वेळ यायला लागली. त्यात एका लग्नात एका काकूंनी अगदी प्रेमाने विचारलं, "तिसऱ्याची चाहूल का गं?" दुसऱ्याच दिवशी फिजिओथेरपिस्टची वेळ घेतली.

तिने उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले आणि माझीच बोटं बेंबीच्या वर आडवी ठेवली. "आता डोकं जरासं उचला." दोन्ही बाजूंचे स्नायू बोटांना कडेने लागले आणि मधल्या फटीत तीन बोटं आरामात बसली. पण मला धसका बसला तो रुंदीचा नाही, खोलीचा. सैल मळलेल्या कणकेत बोट रुतावं तशी बोटं आत चालली होती. ती म्हणाली, "रुंदी लिहून ठेवू, पण लक्ष ठेवायचं ते या मऊपणावर."

सिक्स पॅक म्हणतात ते दोन उभे स्नायू मधल्या एका पांढऱ्या पट्टीने जोडलेले असतात, तिला लिनिया आल्बा म्हणतात. गरोदरपणात हीच पट्टी ताणून रुंद आणि पातळ होते. म्हणजे काही फाटलेलं नसतं, तुमची काही चूकही झालेली नसते. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींना तपासून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. त्यात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींना ही फट होती, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्के आणि वर्षाने ३३ टक्के जणींना. गंमत म्हणजे फट असलेल्यांची कंबर इतरांपेक्षा जास्त दुखत होती असं काही आढळलं नाही. त्यामुळे प्रत्येक दुखण्याचं खापर या फटीवर फोडू नका.

पहिल्या दिवशी तिने एकही व्यायाम दिला नाही. पाच किलोची पिशवी उचलायला लावली, पलंगावरून उठायला लावलं आणि नुसतं बघितलं. मी दोन्ही वेळा श्वास कोंडून धरला होता. म्हणजे पोटातला सगळा दाब पुढे त्या पातळ पट्टीवर आणि खाली लघवीच्या जागेवर. बाळाला उचलणं, बादली, भरलेला कुकर, संडासला बसून कुंथणं, असं दिवसातून पन्नास वेळा तरी होत असेल. मग वीस मिनिटं चटईवर काय पराक्रम करायचा? तेव्हापासून दोन सवयी लावल्या. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या रेट्याने उठायचं. आणि काहीही उचलताना फुंकर मारल्यासारखा श्वास बाहेर सोडायचा. बद्धकोष्ठ असेल तर आधी त्याचं बघा, तेही याच हिशोबातलं आहे.

व्यायाम दिसायला इतका फालतू की पहिल्या आठवड्यात मला पैसे वाया गेल्यासारखे वाटले. उताणं झोपून श्वास घ्यायचा, बरगड्या बाजूला फुलू द्यायच्या. सोडताना लघवी आवरल्यासारखं खालून वर ओढायचं (प्रत्यक्ष लघवी करताना हा प्रयोग नको) आणि ओटीपोट हलकेच आत. पोट खपाटीला न्यायचं नाही, घट्ट जीन्सचं बटण लावताना जेवढं आत घेतो तेवढंच. पाच सेकंद, दहा वेळा. सर्वांत आतला आडवा स्नायू कमरेभोवती पट्ट्यासारखा असतो, तो यातून जागा होतो. हे जमल्यावर एकेक टाच सरकवणं, मग कंबर उचलणं, मग हात-गुडघ्यांवर येऊन एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे लांब करणं, शेवटी उभं राहून वजन. कुठल्याही पायरीवर पोटाच्या मधोमध तंबू उभा राहिला की एक पायरी मागे. क्रंचेसही कायमचे वर्ज्य नव्हते. चौथ्या महिन्यात तिनेच करून घेतले, तंबू न होऊ देता.

पाच महिन्यांत नऊ वेळा गेले, बाकी सगळं घरी. तीन बोटांची दोन बोटं झाली, तिथेच थांबली. पण आता बोट दाबलं की खाली ताणलेल्या कापडासारखं घट्ट लागतं. शिंकेची भीती गेली. बारा किलोचा मुलगा कडेवर घेऊन जिना चढते. कातडी मात्र लोंबते ती लोंबतेच, तिच्यावर व्यायामाचा काही इलाज नाही. हे आधीच सांगते, नाहीतर सहा महिन्यांनी मला शिव्या द्याल.

सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करा. बेंबीपाशी गाठ लागत असेल तर आधी सर्जनला दाखवा, तो हर्निया असू शकतो. गाठ दाबून आत जात नसेल, दुखत असेल, उलट्या होत असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ऑपरेशनमध्ये ती पट्टी टाके घालून आवळतात. पण सातव्या महिन्यात तो विचार घाईचा आहे. शरीर अजून सावरतंय, आणि पुढे पुन्हा दिवस गेले तर ती परत ताणू शकते. त्याआधी स्त्रियांच्या तक्रारींवर काम करणारी एमपीटी (फिजिओथेरपीतली पदव्युत्तर पदवी) झालेली फिजिओथेरपिस्ट शोधा. खाजगीत परवडत नसेल तर मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात चौकशी करा. मुंबईत असाल तर केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचा विभाग आहे.

राहता राहिल्या सासूबाई. माझ्याही आईने जुन्या नऊवारीने सव्वा महिना पोट बांधलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत त्या आधाराने बरं वाटतं, पण त्याने स्नायू जुळून येत नाहीत, आणि फार आवळलं तर दाब खालीच जातो. हे त्यांना पटवत बसू नका. रोज सकाळी अर्धा तास बाळ त्यांच्याकडे द्या, व्यायामाला तेवढाच वेळ लागतो.