तारीख तीन आठवड्यांनंतरची

प्रश्न : सासूबाईंचा गुडघा सुजलाय. हाडांच्या डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर काय करू? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : ती तारीख सोडू नका. रिसेप्शनला सांगून ठेवा, ‘कुणी रद्द केलं तर फोन करा, अर्ध्या तासात येतो.’ दरम्यान जवळच्या पालिकेच्या ‘आपला दवाखान्या’त दाखवा, तपासणी मोफत असते. केईएम किंवा सायनच्या पालिका रुग्णालयात जायचं तर हाडांच्या ओपीडीचा वार आधी विचारा. तो न विचारताच लोक पहाटेची लोकल पकडतात! तिथे आभा (सरकारी आरोग्य ओळखपत्राच्या) अ‍ॅपवरून क्यूआर स्कॅनची सोय असेल, तर टोकन मोबाइलवर येतं, केसपेपरची रांग वाचते. जुने एक्सरे, चालू गोळ्यांची पाकिटं न्या. मात्र गुडघा लाल-गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी कॅज्युअल्टी (रुग्णालयाचा तातडीचा विभाग) गाठा.