खेळाडूंनाच खेळायचे होते, मग करोनाकाळातील कॉलेज फुटबॉलला आक्षेप कशासाठी?

आपण विचारले आहे की 2020 साली करोनाची साथ ऐन भरात असताना अमेरिकेतील विद्यापीठांनी कॉलेज फुटबॉल, म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधले अमेरिकी पद्धतीचे फुटबॉल, पुन्हा सुरू केले ते केवळ पैशासाठी का, आणि खेळाडूंनाच खेळायचे होते तर विरोध करणाऱ्यांचे म्हणणे तरी काय होते. वादविवाद स्पर्धेसाठी मुद्दे हवे आहेत, असेही आपण लिहिले आहे. पैशाविषयीचे उत्तर थोडक्यात असे की दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न हे सर्वांत मोठे कारण होते आणि ते कोणी फारसे लपवलेही नाही. दुसऱ्या भागाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण ‘खेळाडूंनाच खेळायचे होते’ हे वाक्य मी गेली काही वर्षे माझ्याच घरात ऐकत आले आहे.

आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचे जे गट अमेरिकेत आहेत, त्यांपैकी बिग टेन या गटातील एका विद्यापीठात मी संख्याशास्त्र शिकवते. या गटाने 11 ऑगस्ट 2020 रोजी हंगाम पुढे ढकलला आणि 16 सप्टेंबरला तो निर्णय फिरवला. मधल्या काळात साथ ओसरली नव्हती. खेळाडूंची रोजच्या रोज अँटिजेन चाचणी करण्याची सोय झाली होती, दक्षिणेकडील गट थांबायला तयार नव्हते, याच गटातील नेब्रास्का विद्यापीठाच्या आठ खेळाडूंनी न्यायालयात धाव घेतली होती आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गटाचे आयुक्त केव्हिन वॉरन यांना फोन केला होता. यांपैकी केवळ पहिली गोष्ट वैद्यकीय होती.

त्या सत्रात माझा वर्ग पूर्णपणे ऑनलाइन होता. वर्गात अंतर ठेवून बसणे धोक्याचे ठरवले गेले होते, आणि त्याच आवारात मुले सरावात एकमेकांच्या अंगावर आदळत होती. संघाच्या आघाडीच्या फळीत खेळणारा एक धिप्पाड, अतिशय अबोल मुलगा माझ्या वर्गात होता. त्या आठवड्यात मी सर्वांना एक उदाहरण सोडवायला दिले होते: हजार जणांची चाचणी केली, त्यांत खरोखर बाधित पाच आहेत आणि ते पाचही सापडले, पण चाचणी निरोगी माणसांपैकी एक टक्क्याला चुकून बाधित ठरवते, तर बाधित ठरलेल्यांपैकी खरे बाधित किती? निरोगी 995 जणांपैकी साधारण दहा जण चुकून सापडतात, म्हणजे एकूण पंधरांपैकी खरे बाधित पाचच. अँटिजेन चाचणीत बाधित आढळलेल्या खेळाडूची पीसीआर चाचणी करून खात्री करून घ्यावी, असा नियम बिग टेनने केला होता, त्यामागे हेच गणित आहे.

शंका विचारण्याच्या वेळेत तो मुलगा पडद्यावर आला तेव्हा त्याच्या मागे वसतिगृहाच्या खोलीची रिकामी भिंत होती आणि पलंगावर न उघडलेला जेवणाचा डबा होता. सकाळीच त्याची अँटिजेन चाचणी बाधित आली होती आणि पीसीआरच्या निकालाची तो वाट पाहत होता. त्याने ते उदाहरण स्वतःवर लावून सोडवले होते, आणि आपल्या संघात त्या आठवड्यात आधीच काही मुले आजारी असल्यामुळे हजारात पाच हे प्रमाण आपल्याला लागू पडत नाही, म्हणजे आपण खरोखर बाधित असण्याची शक्यता त्याहून अधिक आहे, हेही त्याने न सांगता ओळखले होते. इतके नेमके आकलन मला पदव्युत्तर वर्गातही क्वचित दिसले आहे. निकाल बाधित आला. गटाच्या नियमानुसार त्याला किमान 21 दिवस सामन्यांपासून दूर राहावे लागले आणि हृदयाचे एमआरआय करून घ्यावे लागले. मी त्याला विचारले की तुला खरोखर खेळायचे होते का. तो म्हणाला की खेळायचे होतेच, पण कोणत्या अटींवर, हे आम्हाला कोणी विचारले नाही.

माझे थोरले दीर याच राज्यात राहतात आणि शनिवारचा सामना त्यांच्या घरी सणासारखा साजरा होतो. त्या वर्षी दिवाळीला व्हिडिओ कॉलवर मी हा प्रसंग सांगितला तेव्हा ते म्हणाले, “अगं, मांसाच्या कारखान्यातले मजूरही कामावर गेलेच ना? या मुलांनी तर स्वतःहून खेळायचे म्हटले होते.” त्यांच्या तोंडावर बोलण्याचा आमच्याकडे रिवाज नाही, म्हणून तेव्हा अर्धवट राहिलेले उत्तर येथे पूर्ण देते. भाऊजी, मजुराला वेतन मिळते, कामावर इजा झाली तर भरपाईचा कायदा असतो आणि संघटना करण्याचा हक्क असतो. कॉलेज फुटबॉलच्या खेळाडूला तेव्हा यांतले काहीही नव्हते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी संघटना करण्याचा प्रयत्न केला होता, आणि 2015 साली राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने त्या प्रकरणात लक्ष घालण्यासच नकार दिला.

खेळाडूंच्या इच्छेचा दाखला देणारे लोक 10 ऑगस्ट 2020 चे निवेदन अर्धेच वाचतात. क्लेम्सन विद्यापीठाचा ट्रेव्हर लॉरेन्स, ओहायो स्टेट विद्यापीठाचा जस्टिन फील्ड्स आणि इतर खेळाडूंनी प्रसृत केलेल्या त्या निवेदनात खेळण्याची इच्छा होती. तिच्या सोबतच सर्व गटांसाठी समान आरोग्यनियम, माघार घेण्याची मुभा आणि पुढे खेळाडूंची स्वतःची संघटना याही मागण्या होत्या. विद्यापीठांनी इच्छा तेवढी उचलली आणि संघटनेची मागणी बाजूला सारली. आपल्या प्रतिपक्षाने तोच मुद्दा काढला, तर ही मागणी त्यांच्यापुढे ठेवा.

काही गोष्टी मात्र प्रामाणिकपणे मान्य करायला हव्यात. माघार घेणाऱ्याची शिष्यवृत्ती काढता येणार नाही असा नियम एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय नियामक संस्थेने ऑगस्टमध्येच केला होता आणि खेळाडूला खेळण्यासाठी जी मोजकी वर्षे मिळतात, त्यांत ते वर्ष धरले नाही. करोनामुळे हृदयाच्या स्नायूंना सूज येण्याची जी भीती होती, ती काही प्रमाणात खरी आणि काही प्रमाणात वाढीव ठरली. बिग टेनमध्ये करोनातून उठलेल्या 1,597 खेळाडूंचे एमआरआय तपासले गेले तेव्हा 37 जणांमध्ये, म्हणजे सुमारे 2.3 टक्क्यांमध्ये, ती सूज आढळली, आणि त्यांपैकी 28 जणांना हृदयाचा कोणताही त्रास जाणवत नव्हता. आपण विरोधी बाजूने बोलणार असाल तर हा आकडा जपून वापरा, कारण खेळ बंद ठेवला असता तरी यांपैकी कितीजण वसतिगृहातच बाधित झाले असते, हे तो सांगत नाही. आणि जुलै 2025 पासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे, त्यामुळे वेतनाविषयीचा माझा मुद्दा आज पूर्वीसारखा लागू नाही. विद्यापीठांशी करार करू शकेल अशी मान्यताप्राप्त संघटना मात्र त्या मुलांना अजूनही मिळालेली नाही.